कापसाच्या गिरणीतली व्हिस्की अन् जिनिंगवाल्या काकाजींचं नाक

राजेहो, आधीच सांगून टाकतो की मी काही व्हिस्कीतला मोठा जाणकार वगैरे नाही. परतवाड्यापासून दहा-बारा किलोमीटरवर गाव, घरी संत्रा अन् कपाशी, अन् पिणं म्हणाल तर वर्षातून पाच-सहा वेळा, त्यातली एक पोळ्याच्या करीची धरा. पण यंदा डिसेंबरमध्ये भाचा अन् त्याची बायको स्कॉटलंडवरून आले, सोबत एकाच डिस्टिलरीच्या (दारू गाळायच्या कारखान्याच्या) तीन सिंगल माल्ट व्हिस्की घेऊन, अन् त्या तिन्ही आम्ही शेजारी-शेजारी ठेवून चाखल्या, तेव्हा जे डोक्यात बसलं ते लिहून काढतोय. कारण हे 'टेस्टिंग' म्हणजे काहीतरी सुटाबुटातल्या लोकांचं काम आहे असंच मलाही इतके दिवस वाटायचं.

आता तीन बाटल्या म्हणजे हिशोब पाहा. बाहेरदेशातून येताना एका माणसाला दोन लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते, अन् तिकडची बाटली ७०० एमएलची असते (आपल्याकडं ७५०), म्हणजे तीन झाल्या की २.१ लिटर, शंभर एमएल जास्त. म्हणून दोन भाच्याच्या नावावर अन् एक सूनबाईच्या. नागपूरला उतरल्यावर ड्रायव्हर म्हणे सरळ अमरावती हायवेनं जाऊ, तर भाचा घाबरला, कारण तो रस्ता कारंजा-तळेगावकडून वर्धा जिल्ह्यातून जातो अन् वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी. मग काटोल, वरुड, मोर्शी असा संत्र्याच्या पट्ट्यातून गाडी आणली. थोडा उशीर झाला पण म्हणे झोप तरी शांत लागली.

डिस्टिलरीचं नाव डीन्स्टन. तुम्ही ऐकलं नसेल, मीही नव्हतं ऐकलं. आपल्याकडं सिंगल माल्ट म्हटलं की ते 'ग्लेन'वाले दोन-तीन मोठे ब्रँड, लग्नाच्या पार्टीत एखाद्या टेबलावर दिसतात तेवढेच. डीन्स्टन स्कॉटलंडच्या मधल्या भागात, डून नावाच्या गावाजवळ टीथ नदीच्या काठावर आहे, अन् मजेची गोष्ट अशी की ती मुळात दारूची भट्टी नव्हतीच, कापसाची गिरणी होती! १७८५ सालची. नदीच्या पाण्यावर चालायची, पुढं तिथं हर्क्युलिस नावाचं एक अवाढव्य पाणचक्र बसवलं होतं. १८०८ मध्ये ही गिरणी जेम्स फिनले अँड कंपनीनं घेतली. आता फिनले म्हटल्यावर आमच्या भागातल्या माणसाचे कान उभे राहतीलच, कारण ह्याच कंपनीची मुंबईत फिनले मिल होती, अन् तेच नाव घेऊन पुढं एनटीसीची (म्हणजे सरकारी कापड महामंडळाची) फिनले मिल आमच्या अचलपूरला उभी राहिली. म्हणजे ज्या नावाच्या गिरणीत आमच्या गावची चार पोरं शिफ्टला जायची, त्याच नावाच्या मालकाची ही स्कॉटलंडातली गिरणी. भाच्याला हे माहीतच नव्हतं, त्यानं बाटली आणली ती दुकानदारानं "स्वस्त अन् मस्त आहे" म्हटलं म्हणून.

१९६५ मध्ये गिरणी बंद पडली, तशा तेव्हा तिकडच्या कितीतरी पडल्या. पण गिरणीत दोन गोष्टी अशा होत्या ज्या दारूवाल्याला लागतातच. एक म्हणजे वाहतं चांगलं पाणी. दुसरी म्हणजे १८३६ ची विणकामाची मोठी शेड, कमानीच्या छताची, आत बारा महिने थंड अन् दमट. सूत कोरड्या हवेत तुटतं हे गिरणीत काम केलेला कोणीही सांगेल, म्हणून ती शेड तशी बांधलेली, अन् व्हिस्कीची पिंपं ठेवायलाही नेमकी तशीच जागा लागते. लागलीच गिरणीची डिस्टिलरी झाली. मधे १९८२ ते १९९० बंदही होती. अन् आजही तिथं नदीच्या पाण्यावर टर्बाइन फिरतात, स्वतःची वीज स्वतः बनवतात, उरलेली विकतात. आपल्याकडं लोडशेडिंगमध्ये मोटर चालू व्हायची वाट पाहत रात्री दोनला उठणाऱ्या माणसानं हे वाचून काय करायचं ते करा.

तर आता मुद्द्यावर येतो, सिंगल माल्ट म्हणजे काय. इथं नव्वद टक्के लोकांचा घोटाळा होतो, 'सिंगल' म्हणजे एका पिंपातली किंवा एकदाच गाळलेली असं वाटतं. तसं नाही. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीची, अन् माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेली. बाटलीत मात्र त्या डिस्टिलरीच्या पुष्कळ पिंपांचा माल एकत्र केलेला असतो. कापसाच्या भाषेत सांगायचं तर एकाच जिनिंगच्या (कापसातली सरकी काढतात त्या कारखान्याच्या) गाठी, शेतकरी वेगवेगळे असले तरी. अन् ब्लेंडेड म्हणजे दहा जिनिंगचा माल, त्यात मक्या-गव्हाची हलकी व्हिस्कीही मिसळलेली. बाटलीवर १२ वर्षं लिहिलं असेल तर आतली सगळ्यात तरणी व्हिस्की बारा वर्षांची, बाकीची त्याहून म्हातारी असू शकते. स्कॉच म्हणायचं तर कायद्यानं किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात, तेही स्कॉटलंडातच, अन् बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल.

अन् आपण बारमध्ये जी क्वार्टर घेतो ती? तिच्यावर व्हिस्की लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा ती उसाच्या मळीपासून नाहीतर तुकडा तांदूळ, मका यांपासून काढलेल्या साध्या स्पिरिटमध्ये थोडं माल्ट, रंग अन् फ्लेवर घालून केलेली असते. युरोपात मळीवाल्या मालाला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. मी तिला नावं ठेवत नाही, पण ती चाखून "ह्यात मध लागला, संत्रं लागलं" असं कोणी म्हणत असेल तर तो फेकतोय.

बनवायची पद्धत आपल्याला वाटते तितकी परकी नाही. जव भिजवायचे, मोड आणायचे, मटकीला आणतो तसेच. मोड आला की दाण्यात असे पदार्थ तयार होतात जे पिठाची साखर करतात. मग गरम हवेनं वाळवून मोड थांबवायचा. काही डिस्टिलऱ्या इथं पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेलं गवत-शेवाळ, कापून वाळवलेलं, दिसायला पार आपल्या गोवऱ्यांसारखं, अन् कामही तेच. रोडगे गोवरीवर भाजले की जी चव येते ती गॅसच्या तंदूरवर येते का? तसंच. डीन्स्टनवाले मात्र धूर लावत नाहीत, म्हणून सुरुवात करायला ही बरी, नाहीतर पहिल्याच घोटाला दवाखान्याचा वास येऊन माणूस पळून जातो.

वाळवलेले जव भरडायचे, गरम पाण्यात घोळून गोड पाणी काढायचं, यीस्ट टाकायचं, दोन-चार दिवसांत बिअरसारखं आंबट-गोड पाणी तयार होतं, सात ते नऊ टक्क्यांचं. मग ते तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायचं. तांबंच का, तर गंधकाचे घाण वास तांब्याला चिकटून राहतात, नाहीतर शिजलेल्या पत्ताकोबीसारखा वास येतो. भांड्याची मान कशी आहे यावरही चव ठरते, डीन्स्टनच्या भांड्यांची मान वर चढती आहे, त्यामुळं जड वाफ अर्ध्यातूनच थंड होऊन खाली परत पडते अन् हलकी तेवढी पलीकडं जाते.

मोहाची हातभट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. सडवा, हंडी, वरून पाणी, नळी. मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला काय सांगायचं. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडं 'पहिल्या धारेची' म्हणजे लय भारी, मर्दाचं काम, अशी समजूत आहे. स्कॉचवाले पहिली धार घेतच नाहीत! सुरुवातीला जे येतं ते तिखट, नेलपॉलिशसारखं वास मारणारं असतं, ते बाजूला काढतात. शेवटची धारही घेत नाहीत, ती ओल्या कुत्र्यासारखी वास मारते म्हणे. मधली तेवढी पिंपात, बाकीचं दोन्ही पुढच्या घाण्यात परत. कुठून घ्यायचं अन् कुठं थांबायचं हे प्रत्येक डिस्टिलरीचं आपलं-आपलं असतं, अन् चवीतला निम्मा स्वभाव इथंच ठरतो. तेव्हा यापुढं कोणी तुम्हाला पहिल्या धारेची म्हणून मिशीला पीळ देत असेल तर नुसतं हसा.

भट्टीतून निघते ती पाण्यासारखी पांढरी, सत्तर टक्क्यांच्या आसपास. पाणी घालून साधारण साडेत्रेसष्टवर आणून पिंपात भरतात. रंग येतो तो पिंपातून. अन् इथं अमेरिकेचा एक कायदा स्कॉटलंडच्या कामी आलाय. अमेरिकेत बर्बन नावाची जी व्हिस्की होते ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, म्हणून बर्बनवाल्यांना एकदा वापरलेलं पिंप परत वापरता येत नाही. मग ती साधारण दोनशे लिटरची पिंपं स्वस्तात स्कॉटलंडला जातात. लाकडातून व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ येतो, ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो, गोडसरपणा येतो. अन् पिंप श्वास घेतं, म्हणजे दरवर्षी त्यातलं थोडं उडून जातं, स्कॉटलंडात दोनेक टक्के. त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूला अमृतवाले सिंगल माल्ट बनवतात, २००४ मध्ये त्यांनी ती थेट ग्लासगोतच विकायला काढली होती, तर बंगळुरूच्या उष्णतेनं दहा टक्क्यांच्या आसपास उडते म्हणतात. अकोल्याला मे महिन्यात पिंप ठेवलं तर देवदूत पिऊन पडतील.

आता आमच्या तीन बाटल्या. पहिली १२ वर्षांची, बर्बनच्या पिंपातली. दुसरी 'व्हर्जिन ओक', हिच्यावर वय लिहिलेलं नाही, म्हणजे तरणी असणार, अन् ही बर्बनच्या पिंपातून काढून शेवटी काही काळ अगदी कोऱ्या, नव्या लाकडाच्या पिंपात ठेवलेली. तिसरी १८ वर्षांची, तीही बर्बनच्याच पिंपातली. तिघीही ४६.३ टक्क्यांच्या. हे महत्त्वाचं आहे, कारण डिस्टिलरी तीच, पाणी तेच, भांडी तीच, कडकपणा तोच, मग जो फरक लागेल तो लाकडाचा अन् वयाचा. चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या मांडून बसलो असतो तर काहीच कळलं नसतं, नुसतं "ही चांगली, ती तिखट" झालं असतं.

४६.३ हा आकडा काही उगाच नाही. आपल्या देशी बाटलीवर ४२.८ टक्के असतं, बाजूला '२५ अंडर प्रूफ' लिहितात ते तेच. व्हिस्कीत काही तेलकट पदार्थ असतात, अल्कोहोल ४६ च्या खाली गेलं अन् थंडी लागली किंवा बर्फ टाकला की ते गोठून व्हिस्की धुरकट दिसते. गिऱ्हाईक म्हणतं खराब झाली. म्हणून बऱ्याच कंपन्या आधीच थंड करून ते पदार्थ गाळून टाकतात. ४६ च्या वर ठेवली तर ती भानगड होत नाही, मग गाळायची गरज नाही, अन् तो तेलकटपणा जिभेवर राहतो. डीन्स्टनवाले गाळत नाहीत, रंगही घालत नाहीत. घाण्याचं तेल अन् रिफाइंड, एवढाच फरक समजा.

बसलो आम्ही चौघं. मी, भाचा, दर्यापूरचा माझा दोस्त, अन् काकाजी. काकाजी म्हणजे आमच्या गल्लीतलेच, पस्तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाची ग्रेड लावायचे, आता रिटायर. पिणारे नाहीतच, वर्षाकाठी घोटभर. आम्ही त्यांना नुसतं जेवायला बोलावलं होतं.

याआधी एकदा मी एकट्यानं एका बाटलीवर प्रयोग केला होता, मे महिन्यात, रात्री नऊला, बाहेर अजून छत्तीस-सदतीस डिग्री. ग्लासाला नाक लावलं की नुसता भपका, डोळ्यात पाणी. नंतर कळलं की गरमीत अल्कोहोल धडाधड उडतं अन् बाकीचे वास त्याखाली दबून जातात, वीसेक डिग्रीला खरी मजा. म्हणून यावेळी डिसेंबर, शेतात, दुपारी चारला, जेवणाच्या आधी. जेवणानंतर नाही, कारण झणझणीत सावजी खाल्लेल्या जिभेला मध अन् मोहरीतला फरक कळत नाही.

अन् खर्रा. ही गोष्ट कुठल्या विलायती पुस्तकात नसेल पण विदर्भात पहिली हीच सांगावी लागते. खर्रा खाऊन टेस्टिंग होत नाही. तंबाखू-चुन्यानं जीभ अन् गाल बधिर झालेले असतात, तासभर तरी आधी थुंकून, तोंड धुवून बसावं लागतं. दर्यापूरवाल्यानं दुपारी दोनलाच शेवटचा खर्रा घोटला, त्यानंतर दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होता. फवारणीच्या दिवशीही बसू नका, हाताला वास राहतो.

ग्लास म्हणाल तर खाली फुगलेला अन् वर तोंड बारीक होत जाणारा पाहिजे, म्हणजे वास आत साठतो. तिकडं त्याचा वेगळा ग्लास मिळतो, ग्लेनकेर्न नावाचा. आमच्याकडं लग्नात आहेरात आलेले वाईनचे ग्लास होते जे पंधरा वर्षं शोकेसमधून निघाले नव्हते, ते धुवून घेतले. स्टीलचा ग्लास नको, रंगही दिसत नाही अन् वासही उडून जातो. प्रत्येकी पंधरा एमएल ओतली, लहान मुलांच्या औषधाच्या टोपीनं मोजून, अन् वरून चहाच्या बशा झाकल्या. तीन ग्लास म्हणजे पंचेचाळीस एमएल, साठच्या एका पेगापेक्षाही कमी. लोकांना वाटतं टेस्टिंग म्हणजे पार्टी, पण त्यात पिणं लय कमी असतं. (महाराष्ट्रात दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं अन् परमिटही लागतं, हे भाच्याला आठवण करून दिलं. दर्यापूरवाला त्या रात्री आमच्याकडंच झोपला, गाडी नेली नाही.)

भाच्यानं ग्लासाखाली चिठ्ठ्या लावल्या, कोणता कोणाचा हे फक्त त्यालाच ठाऊक. हे करायचंच, कारण १८ लिहिलेलं दिसलं की माणसाची जीभ आपोआप "वा वा" करते.

काकाजींना आम्ही नुसतं बसा म्हटलं होतं, पण त्यांनी बशी उचलून वास घेतला, दुसऱ्याचा घेतला, परत पहिल्याचा. मग म्हणाले, "हे काही कठीण नाही ना. एका लॉटची ग्रेड कोनी सांगत नाही बाप्पा. बाजूले दुसरा लॉट ठेवा लागते, मंग दिसते कोन पिवळा अन् कोन पांढरा."

मला वाटतं सगळ्या टेस्टिंगचं शास्त्र त्यांनी तिथंच सांगितलं. आपण एक बाटली घेतो, एक घोट मारतो अन् म्हणतो मला तर काही कळलं नाही. कळणार कसं? ग्रेडर कापूस पाहतो तेव्हा मूठभर रुई घेतो, ओढून तार किती लांब निघते ते पाहतो, रंग पाहतो, काडीकचरा पाहतो, ओल पाहतो, अन् प्रत्येक गोष्ट बाजूच्या ढिगाशी लावून पाहतो. एका वेळी एक गोष्ट. व्हिस्कीतही तसंच, आधी रंग, मग वास, मग तोंडात कशी वाटते, पातळ का तेलकट, मग चव, मग गिळल्यावर किती वेळ राहते.

वास घेताना नाक ग्लासात खुपसायचं नाही, अल्कोहोलनं नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीपाशी आणायचा, तोंड थोडं उघडं ठेवायचं, अन् दोन-तीनदा थोडा-थोडा घ्यायचा. चव मुख्यतः नाकातच असते हे पटत नसेल तर नाक दाबून संत्र्याची फोड खाऊन पाहा, नुसतं आंबट-गोड लागतं, संत्रं लागत नाही. नाक सोडलं की संत्रं येतं. जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू अन् ती मांसाच्या रस्श्यातली जी चव असते तेवढंच ओळखते, बाकी सगळा खेळ घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा. म्हणून घोट घेतला की लगेच गिळायचा नाही, तोंडभर फिरवायचा, गिळायचा, अन् मग नाकानं श्वास सोडायचा.

आता शब्दांची पंचाईत. विलायती लोक लिहितात टॉफी, मार्मलेड, बटरस्कॉच. आपण ते खाल्लेलं नसतं, मग वाटतं आपल्याला कळत नाही. अरे पण मार्मलेड म्हणजे संत्र्याच्या सालीचा मुरांबाच ना? अन् संत्र्याची साल आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? मी सगळ्यांना म्हटलं, आपल्या घरातले, वावरातले वास सांगा.

एक नंबरचा ग्लास. दर्यापूरवाला म्हणाला, "सुताराच्या इथं रंधा मारते ना, तसा." बरोबर होतं, ताज्या लाकडाचा भुसा, त्यामागून व्हॅनिलाच्या आइस्क्रीमसारखं गोड, अन् गिळल्यावर दालचिनी-लवंग चघळल्यासारखं. तिखटही थोडी.

दोन नंबर मला लागलीच आवडला. मध, सातूच्या पिठासारखा भाजलेला वास, वाळलेली संत्र्याची साल, अन् तोंडात एक वेगळाच गुळगुळीतपणा, ओठांना काहीतरी लागून राहतं असा. मला शब्द सापडेना. काकाजी म्हणाले, "मेन होय. मोहाळाचं पोळं पिळल्यावर हाताले राह्यते नं, तेच." भाच्यानं फोनमध्ये पाहिलं तर खरंच, डीन्स्टनची ओळखच ती आहे म्हणे, मेणासारखा पोत. पस्तीस वर्षं बोटांनी कापूस पाहणाऱ्या माणसाला ते पहिल्या घोटाला कळलं, अन् आम्ही फोनवर वाचून हो हो म्हणालो.

तीन नंबर शांत होता. आधी काहीच येईना, बशी काढून दहा मिनिटं ठेवला मग हळूहळू उघडला. मुरलेला मध, चारोळी, जुन्या लाकडी पेटीचा आतला वास, शेवटी थोडं कडसर, तेंदूपत्त्याच्या बंडलाजवळून गेल्यासारखं. गिळल्यावर मात्र लय वेळ राहिला, मी मनात मोजत होतो, मिनिटभर तरी असेल.

मग पाणी. शुद्ध व्हिस्कीत पाणी म्हणजे पाप असं समजणारे लोक आहेत, पण बहुतेक वेळा बाटलीत भरतानाच तिच्यात पाणी घातलेलं असतं. थोडं पाणी घातलं की वास उघडतो, याचा २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर हिशोब मांडला होता. ग्वायाकॉल नावाचा एक वासाचा कण त्यांनी घेतला, अल्कोहोल जास्त असेल तर तो कण अल्कोहोलच्या घोळक्यात आत दबून राहतो, पाणी घातलं की वर पृष्ठभागावर येतो, अन् वर आला की नाकापर्यंत येतो. म्हणून चमच्यानं चार-पाच थेंब, परत वास, परत थेंब. ग्लास भरून सोडा टाकला की मग काही उरतच नाही.

अन् पाणी कोणतं? दर्यापूर खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरीचं पाणी मचूळ. हा गडी मुद्दाम घरच्या बोअरची बाटली घेऊन आला होता, पाहू म्हणे काय होते. अर्ध्या व्हिस्कीत त्याचं पाणी, अर्ध्यात कॅनचं आरओ पाणी. बोअरच्या पाण्यात तो मध गेला तो गेलाच, नुसतं कडसर अन् शेवटी मिठासारखं. चहा बेचव होतो तशीच व्हिस्कीही बेचव होते. दोस्त म्हणाला, "आमच्या नशिबी दालही नाही शिजत अन् हेही नाही." आरओच्या पाण्यात मात्र दोन नंबरचा संत्रा एकदम वर आला, अन् एक नंबरचा तिखटपणा कमी होऊन ओल्या खोबऱ्यासारखं गोड निघालं. तीन नंबरला पाणी मानवलं नाही, पातळ झाला. म्हणजे प्रत्येकाला पाणी पाहिजेच असंही नाही, आधी बिनपाण्याची अन् मग थेंब-थेंब.

चिठ्ठ्या उघडल्या. एक नंबर व्हर्जिन ओक, दोन नंबर १२, तीन नंबर १८. कोऱ्या लाकडानं काय केलं ते सरळ दिसत होतं, ते पिंप नवं असल्यानं लाकडाचा सगळा अर्क त्या तरण्या व्हिस्कीत ओतला, अन् खालचा जवाचा, मेणाचा मूळ स्वभाव झाकून टाकला. बारा वर्षांच्या पिंपात एकदा बर्बन राहून गेलेलं, त्यानं आपला पहिला जोर तिकडंच दिला, म्हणून डिस्टिलरीची स्वतःची चव जागा धरून राहिली. अठरात लाकूड अन् व्हिस्की एकमेकांत मुरले, कोण कुठं संपतं ते कळेना.

माझं मत विचाराल तर १२. अठराची किंमत तिकडंच दुपटीच्या आसपास आहे म्हणे, अन् चव दुप्पट नाही, वेगळी आहे. भाच्यानं अठराच उचलली, तो शिकलेला माणूस आहे. दर्यापूरवाल्याला व्हर्जिन ओक, कारण तिच्यात काहीतरी लागतं तरी, असं त्याचं म्हणणं. अन् एक सांगतो, वय जास्त म्हणजे चांगली हे डोक्यातून काढाच, पिंप थकलेलं असेल तर पंचवीस वर्षांतही काही देत नाही, अन् लय दिवस चांगल्या पिंपात राहिली तर नुसतं लाकूड चाटल्यासारखी होते.

काकाजींनी तिन्ही ग्लासांत निम्म्याहून जास्त तसंच ठेवलं होतं. जेवायला भाकरी अन् वांग्याची भाजी होती, ते लवकर उठले.

सकाळी सहाला मी पाहतो तर काकाजी ओट्यावर हजर, अन् आमचे रिकामे ग्लास एकेक करून नाकाशी नेताहेत. रात्रभरात सगळं अल्कोहोल उडून गेलेलं, तळाशी नुसता वाळलेला थर. मी विचारलं काय करताय, तर एक ग्लास माझ्याकडं सरकवून म्हणाले, "आता पाहा बरं. रात्री दारू मधात येत होती." घेतला वास. भाजलेल्या जवाचा, मेणाचा अन् मधाचा, रात्रीपेक्षा कितीतरी साफ. चिठ्ठी पाहायला ग्लास उलटा केला तर आमच्या मंडळीनं आतून आवाज दिला की ते ग्लास घासायला टाका, संध्याकाळी पाहुणे आहेत.